कड्यामागचं पाणी

माझ्या दुकानात एक फवाऱ्याची बाटली आहे. शिवलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवायच्या आधी पाणी शिंपडायचं, एवढंच तिचं काम. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता. घाईघाईने बाटली भरली, सवयीने हलवली, तर आत फेस. साबणाच्या पाण्याला येतो तसा, चांगला बोटभर. म्हटलं, मीच कधीतरी धुतली असेल आणि नीट विसळली नसेल. पुन्हा पुन्हा विसळली, नळाखाली धरून भरली, हलवली. पुन्हा फेस.

दुसरं कोणी असतं तर कोटाला इस्त्री मारून मोकळं झालं असतं. पण मला लहानपणापासूनची खोड. एखादी गोष्ट अशी का, हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. आई म्हणायची, ही वर गेली तरी आधी विचारेल, मला इतक्या लवकर का बोलावलंत म्हणून. तर कोट राहिला बाजूला. शेजारच्या बेकरीच्या नळाचं पाणी आणलं, समोरच्या सायकलवाल्याकडचं आणलं. सगळीकडे तेच. गिऱ्हाईक आलं तेव्हा फळीवर काचेच्या बरण्यांची रांग लागलेली आणि मी एकेक बरणी कानापाशी धरून हलवतेय.

"टेलरबाई, दवाखाना उघडलात की काय?" तो म्हणाला.

"कोट उद्या," मी म्हटलं.

बरं, दुसऱ्या दिवशी फेस गायब. मग एक दिवस परत आला, मग परत नाही. रोज आला असता तर एक वेळ मी गप्प बसले असते, म्हटलं असतं पाणीच तसं. पण हे येणं-जाणं काय म्हणून? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

आता सांगायला हवं की मी नुसती टेलरबाई नाही, गावच्या पाणी समितीची मेंबर आहे. आमचं गाव एकाच झऱ्याचं पाणी पितं. गावाच्या वरच्या अंगाला एक उंच कडा आहे. त्याच्या पायथ्याशी खडकाच्या फटीतून पाणी येतं, दगडी कुंडात पडतं, कुंडातून पाइपाने टाकीत आणि टाकीतून घरोघर. झरा स्वच्छ ठेवणं हे समितीचं काम. आणि मी त्या समितीत शिरले ती निव्वळ संतापाने.

त्याचं असं झालं. माझ्या धाकट्या बहिणीची लाँड्री आहे. घरगुती कपड्यांची नव्हे; लॉजच्या, दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट असं ढिगाने येणारं काम. तिचं शेड आधी झऱ्याच्या खालच्या उतारावर होतं. समितीने ठरवलं की झऱ्याच्या भोवतीची जागा राखीव करायची. तिथे धुणं नको, खत नको, गुरं नकोत. ठरवलं ते चांगलंच. पण राखीव म्हणजे कुठपासून कुठपर्यंत? समितीचे अध्यक्ष स्टुडिओवाले, सगळं गाव त्यांना फोटोकाका म्हणतं. मोजणी करून नकाशा काढायला माणूस आणायचा तर वर्ष गेलं असतं. म्हणून काका कॅमेरा घेऊन झऱ्याच्या ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी एक लांबरुंद फोटो काढला. ठराव झाला, फोटोत दिसेल ते राखीव, फोटोत नाही ते मोकळं. फोटो मोठा करून, फ्रेम घालून समितीच्या खोलीत लावला. धाकटीचं शेड त्यात अगदी मधोमध, पुढे पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत घातलेल्या. फोटो इतका झकास आला की धाकटीला उठवताना काका म्हणाले, एक प्रत तुम्हालाही देतो.

मी भडकले. म्हटलं, हे कोण शहाणे लागून गेले, बघतेच आत जाऊन. आत गेल्यावर कळलं की समितीत यायला कोणी तयारच नसतं. मी भांडायला गेले आणि त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, वर आभार मानले.

धाकटी मात्र हात टेकणारी नाही. कड्याच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पाठीवर तिने नवी जागा घेतली. फोटोत नसलेली. नवं शेड घातलं, मोठी मशीन बसवली, दवाखान्याचं सगळं काम मिळवलं. आणि त्या जागेत तिला घबाड मिळालं. शेडच्या मागे खडकात एक भोक होतं, जेमतेम बादली जाईल एवढं. धुण्याचं पाणी त्यात सोडलं की गडप. कितीही ओता, भरत नाही, तुंबत नाही.

"जातं कुठे गं हे?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं.

"पाताळात. ये जाऊन, बघून ये," धाकटी म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तर, बरण्या हलवून हलवून माझा हात दुखायला लागला तेव्हा एका सकाळी मी दुकान बंद ठेवलं आणि चढून झऱ्यावर गेले. तिथे आमचा टाकीवाला होता. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, कुंडातला पाला काढायचा, हे त्याचं काम.

"पाणी कुठून येतं रे?" मी विचारलं.

"झऱ्यातून," तो म्हणाला.

"झऱ्यात कुठून येतं?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलंय. "झऱ्यात झऱ्याचंच येणार ना बाई!"

मी ओट्यावर उभी राहिले, जिथून काकांनी फोटो काढला होता तिथेच. समोर उतार, शेतं, धाकटीच्या जुन्या शेडच्या उभ्या राहिलेल्या चार भिंती, खाली गाव. फोटोत आहे अगदी तसंच. सुंदर देखावा. आणि माझ्या पाठीमागे पाण्याचा आवाज येत होता. मी मागे वळले. कडा. त्याच्या फटीतून पाणी येत होतं, माझ्या पायाखालच्या कुंडात पडत होतं आणि पाइपाने खाली जात होतं. फोटोतल्या बाजूला जात होतं. तिकडून येत नव्हतं.

तशीच उतरून स्टुडिओत गेले. काका एका लहान मुलीचा फोटो काढत होते, तिची हनुवटी काही केल्या वर होत नव्हती.

"काका, तुम्ही फोटो समोरचा का काढलात? कड्याकडचा का नाही?"

"सकाळचं ऊन कड्यावरून येतं," काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "उन्हाकडे तोंड करून फोटो काढतं का कोणी? सगळं काळं आलं असतं."

त्याच संध्याकाळी समिती बसली. समिती म्हणजे आम्ही चौघं. फोटोकाका, बेकरीवाला, दातांची डॉक्टरीण आणि मी. मी बरणी टेबलावर ठेवली, हलवली, फेस दाखवला. मग विचारलं, "पाणी खालून वर चढतं का?"

"बाई, झोप झाली नाही का?" बेकरीवाला म्हणाला.

"उत्तर द्या. झऱ्याखाली कोणी चादर धुतली तर ते पाणी उलटं चढून झऱ्यात जाईल?"

तिघांच्याही माना हळूहळू भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. काका उठले, चष्मा पुसून फोटोच्या अगदी जवळ गेले. जणू त्यात कुठेतरी कोपऱ्यात कडा दिसेल.

"म्हणजे आपण झरा राखलाच नाही," बेकरीवाला म्हणाला.

"झऱ्याला दिसणारा देखावा राखला," मी म्हटलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

मला वाटलं होतं काका चिडतील. पण माणूस मोकळा. खुर्चीत येऊन बसले आणि पोराच्या उत्सुकतेने म्हणाले, "मग कड्यात पाणी येतं तरी कुठून?" झालं! जो तो आपली अक्कल लढवायला लागला. बेकरीवाल्याचं म्हणणं, डोंगराच्या पोटात तळं असणार. काका म्हणाले, खडकात बोळ असतात, आमच्या स्टुडिओच्या छपरातही गळतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. चहा गार झाला तरी कोणी हात लावला नाही. आमच्या समितीत इतकी गंमत मी तोवर कधी बघितली नव्हती.

मग डॉक्टरीण बोलली. "दात कुठे किडलाय ते डोळ्यांना दिसत नाही तेव्हा आम्ही रंग लावतो. वर रंग सोडा, खाली बघत बसा."

"सोडायचा कुठे?"

"कड्याच्या मागे. पाणी जमिनीत जातं अशी एखादी जागा असेल तिथे." तिने बरणी हातात घेतली. "कड्यामागे आहे काय हल्ली?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला तो फेस कधी येतो, कधी येत नाही, ते लख्ख कळलं. दवाखान्याच्या चादरी रोज येत नाहीत. सगळ्या गावाच्या आधी मला कळायला हवं होतं, आणि आता कळलं तर वाटलं, कशाला ती बाटली हलवली मी!

"मी विचारते तिला," मी म्हटलं.

लाँड्रीत गेले तेव्हा चादरी इस्त्रीच्या रोलरमधून निघत होत्या. वाफेने भिंती घामेजलेल्या. धाकटी चादरीचं एक टोक धरून उभी, दुसरं टोक एका कामवालीकडे. दोघी पुढे यायच्या, घडी, मागे जायच्या, पुढे यायच्या, पुन्हा घडी. आमचे मेहुणे बॉयलरपाशी. ते फारसं बोलत नाहीत. घरात बोलायचं सगळं खातं धाकटीकडे आहे.

मी सगळं सांगितलं. फेस, फोटो, कडा, रंग. धाकटीचे हात थांबले.

"आणि रंग आला झऱ्यात तर?"

"तर हे बंद करावं लागेल."

"एकदा उठवलंत मला. काही कारण नसताना, हे तूच सांगतेयस आता. आणि पुन्हा उठवणार?"

"अगं, मी कुठे—"

"तूच! दुसऱ्या कोणाला सुचलंय हे? सगळं गाव चहा पितंय गुपचूप, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला बाटलीत फेस दिसतो!" तिचा आवाज चढला तसा मेहुण्यांनी बॉयलरचा आवाज वाढवला. भांडण बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "दवाखान्याला चार दिवस चादरी मिळाल्या नाहीत की ते दुसरीकडे जातील. मग ह्या बायकांना काय सांगू? तुमच्या टेलरबाईंना जरा चौकशी करायची होती?"

मी म्हटलं, "नको तर नको. मी तुझ्या मनाविरुद्ध इथे थेंब ओतणार नाही."

"समितीचा ठराव सगळ्यांचे हात वर असले तरच होतो ना?" तिने एकदम विचारलं. "एकाचा जरी खाली राहिला तर पडतो. तूच सांगितलं होतंस."

"हो."

"मग तू आहेस ना तिथे," ती म्हणाली, आणि चादरीचं टोक पुन्हा उचललं.

मी परत आले. ती म्हणाली ते खरंच होतं. माझा हात खाली राहिला तर लाँड्री जागची हलणार नाही. दोन-तीन दिवस दुकानात शिवत बसले, पण टीप सरळ येईना. पाणी उकळून प्यायले. शेजारणीला सांगितलं, उकळून पी गं; का म्हणून विचारलं तर म्हटलं, हवा खराब आहे. मला स्वतःचीच लाज वाटली. गावात लहान लहान पोरं शाळेच्या नळाला तोंड लावून पितात. पण बहीण ती बहीण. आपलेच दात नि आपलेच ओठ, कोणाला काय सांगणार?

मग एका सकाळी टाकीवाल्याचा फोन. "बाई, वर या. धाकट्या बाई आल्यात. आणि पाणी निळं आलंय."

मी कशी चढले मला आठवत नाही. ओट्यावर धाकटी पाय सोडून बसली होती. कड्याच्या फटीतून येणारी धार निळी, कुंड निळं. आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे.

"घाबरू नकोस. व्हॉल्व्ह आधी बंद करायला लावलाय याला," ती टाकीवाल्याकडे मान करून म्हणाली. "गावात थेंब गेला नाही. शिव्या देतायत सगळे पाणी नाही म्हणून."

"काय ओतलंस?"

"नीळ. कपड्याची. होती नव्हती तेवढी सगळी."

मी तिच्याशेजारी बसले. "अगं, का पण?"

"का म्हणून काय विचारतेस? तू विचारून गेलीस आणि माझी झोप उडवलीस. पाणी सोडते, भोकापाशी उभी राहते, आणि डोक्यात एकच, जातं कुठे, जातं कुठे. तुझी खोड लागली मला." तिने धारेकडे बघितलं. "मला मनापासून वाटत होतं, येणार नाही. डोंगर काय लहान आहे? दुसरीकडे कुठेतरी निघेल. अंधार होता तेव्हापासून बसलेय मी इथे. उजाडलं, धार स्वच्छ होती. इतका आनंद झाला मला, ताई. म्हटलं, उठावं, तुला येऊन चार शब्द सुनवावेत. आणि उठतेय तेवढ्यात..."

आम्ही दोघी ती धार बघत बसलो. खोटं कशाला बोलू, त्याही वेळी मला वाटलंच, केवढा लांबचा रस्ता चालून आलं हे पाणी! डोंगराच्या आत कुठून वळलं असेल, कुठे थांबलं असेल! असं वाटल्याबद्दल मला थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

टाकीवाला खाकरला. "दुपारपर्यंत साफ होईल हे. मी काही बघितलं नाही. तुमचं काय ते तुम्ही बघा."

खरं सांगते, मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"नीळ साफ होईल रे," धाकटी म्हणाली. "दवाखान्याच्या चादरी आहेत माझ्याकडे. त्यांच्यावर काय काय असतं ते मी धुते, मला माहीत आहे. ते निळं नसतं म्हणून दिसत नाही, एवढंच." ती उठली. "जा, काकांना बोलावून आण. त्यांना म्हणावं, या वेळी कड्याकडे तोंड करून काढा फोटो."

समिती त्याच दिवशी बसली. खोली भरलेली, लोक दारात उभे. फोटोकाकांनी आधी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि सगळ्यांसमोर धाकटीला म्हणाले, "चूक आमची. तुमची जुनी जागा झऱ्याच्या खाली आहे, तिथून काही धोका नाही. ती तुम्हाला परत."

"छप्पर कुठाय त्याला?" धाकटी मागच्या बाकावरून म्हणाली. तिचे हात अजून निळेच होते. "आणि दवाखाना काय माझं छप्पर व्हायची वाट बघणार आहे? सकाळीच मी फोन केला, चादरी मिळणार नाहीत म्हणून. दुसऱ्याला दिलं त्यांनी काम." ती काकांकडे वळली. "वाचा तुमचा ठराव."

काकांनी वाचला. कड्यामागची जागा आजपासून राखीव, तिथलं धुणं आजपासून बंद. "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

काकांचा हात वर गेला. बेकरीवाल्याचा गेला. डॉक्टरणीचा गेला. माझे दोन्ही हात मांडीवर होते. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि माझा हात जणू दुसऱ्या कोणाचा होता. हे सगळं शोधून काढलं कोणी? मी. बरोबर काय ते कळत होतं का? कळत होतं. तरी हात उचलेना. मला माझी बहीण हवी होती, बास.

"ताई, हात वर कर," धाकटी म्हणाली.

मी मान हलवली. नाही.

ती उठून लोकांतून वाट काढत टेबलापाशी आली. अगदी हळू बोलली, पण सगळ्यांनी ऐकलं.

"ठराव झाला नाही तर मी उद्या मशीन चालू करीन. लॉजच्या चादरी आहेत अजून माझ्याकडे. आज म्हणतेय करणार नाही, पण उद्या त्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या की करीन. मी मला ओळखते. माझ्याने थांबवणार नाही, ताई. तू थांबव."

मी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदा उठवलं तेव्हा ती रडली नव्हती, सगळ्यांना शिव्या घालत सामान हलवलं होतं. आता तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायला ती निळा हात वर नेत होती, मध्येच थांबत होती.

मी हात वर केला. ती तिथेच माझ्या खुर्चीपाशी खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. दुसरा हात मी तिच्या पाठीवरून फिरवत राहिले. खोलीत कोण होतं, कोण गेलं, मला काही कळलं नाही.

मग फोटोकाका वाकून हळूच म्हणाले, "बाई, हात खाली घ्या. ठराव झाला."